आजीच्या पैठणीच्या तक्रारीला आमचं उत्तर

ताई, नमस्कार. तुम्ही एक तारा दिलात आणि लिहिलंत, की आजीची पैठणी दोन आठवड्यांचं सांगून पाच आठवड्यांनी हातात आली, धुतलेली वाटली नाही, काठ काळेच राहिले, घडीवर चिरा पडल्या, आणि वर १,४०० रुपये घेतले.

उशिराची चूक सरळ माझी. जुलैत फोंड्यात कपडा कसा वाळतो हे ठाऊक असून मी काउंटरवर पंधरा दिवस बोलून गेले. उघडीप मिळेना म्हणून साडी थांबली, ते समजण्यासारखं आहे. पण तुम्हाला फोन करायला पाऊस आडवा आला नव्हता.

साडी धुतली नाही, हे खरंच. ते मुद्दाम. खोचायच्या टोकाला ओला पांढरा मलमलचा तुकडा दाबून ठेवला, तर थोड्या वेळात तो जांभळा झाला. रिठ्याचं पाणी सौम्य असतं, पण कच्चा रंग त्यातही सुटतो आणि एकदा शेजारच्या मोरांत शिरला की पुन्हा बाहेर येत नाही. शिवाय ओलं रेशीम आणखी कमजोर होतं. म्हणून घड्या उलगडून सावलीत वारा दिला आणि मऊ ब्रशनं धूळ, बुरशी काढली. चिठ्ठीवर 'कोरडी सफाई' लिहून मी मोकळी झाले. समजावून सांगायला हवं होतं.

काठांचं मात्र मी ऐकणार नाही. तुम्ही म्हणालात, आजी चिंचेनं तांब्याची भांडी लख्ख करायची, तसंच करा. हंडा जाड असतो, ताई. जुन्या जरीत धाग्यावर चांदीची चपटी तार गुंडाळलेली असते आणि तिच्यावर सोन्याचा अगदी पातळ मुलामा. काळी पडते ती चांदी, हवेतल्या गंधकानं, आणि आपल्याकडचा दमटपणा त्याला हातभार लावतो. चिंच, टूथपेस्ट, भांड्यांची पावडर, काहीही घासा, काळेपणाबरोबर मुलामाही जातो. मग उघडी पडलेली चांदी पुन्हा काळवंडणारच. तारे आणखी कमी झाले तरी ते काम आमच्या दुकानात होणार नाही.

चिरांचं असं, की साडी वर्षानुवर्षं एकाच घडीत ट्रंकेत होती. अशा घडीवर रेशीम जुन्या कागदासारखं मोडतं. घेताना आपण दोघींनी ती उजेडात धरून दोन जागा मोजल्या. तिथं रफू केलं, आणि ते दिसतं, हेही तुमचं बरोबर. पैठणी दोन्ही बाजूंनी सारखीच विणलेली. गाठी लपवायला उलटी बाजूच नाही. आता तुम्हाला तिसरी चीर दिसतेय. ती उलगडताना आमच्याकडे गेली असेल, नसेलही. मी फोटो काढून ठेवला नव्हता, म्हणून ती माझ्या खात्यावर.

पुण्यातला ड्रायक्लीनर दोन दिवसांत देतो, असंही लिहिलंत. देत असेल. नव्या साडीला पेट्रोल वॉश आणि वाफेची इस्त्री चालून जाते. या साडीच्या घड्यांवरून इस्त्री फिरवायचा धीर मला होणार नाही.

तर तिसऱ्या चिरेचं रफू फुकट आणि १,४०० मधले ५०० परत. आतून मलमलचं अस्तर लावता येईल, पण मग एक बाजू झाकली जाईल. ते तुम्ही ठरवा. अस्तराशिवाय नेसू नका एवढं मात्र सांगते. चवथीला पाहुण्यांना पाटावर उलगडून दाखवलीत तरी आजीची आठवण निघेलच.

आमच्या घरी पावसाळा सरला की ट्रंका बाहेर यायच्या, साड्या पडवीत वाऱ्याला पडायच्या आणि आत जाताना प्रत्येकीची घडी बदलायची. नऊवारीची घडी घालायला दोन माणसं लागतात आणि त्यातलं दुसरं माणूस नेहमी मीच. तेव्हा फार कटकट वाटायची.

येईपर्यंत पैठणी प्लॅस्टिकच्या पिशवीतून काढा, हँगरला टांगू नका. धुतलेल्या जुन्या सुती कापडात सैल गुंडाळा, पण खळ घातलेलं कापड नको, त्याला कसर लागते. डांबराच्या गोळ्याही काढून टाका. बुधवारी दुकान बंद असतं, बाकी कधीही या. चिठ्ठी हरवली असली तरी चालेल, साडी मी ओळखते.