लाज वाटू द्या म्हणे!

रविवारी सकाळी धाकट्या मावशीने नातेवाइकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक फॉरवर्ड ढकलला. ‘कैद्यांना मन नसतं. असतं तर आत गेले असते का? त्यांना समुपदेशन आणि योग म्हणजे आपल्या करातून चाललेले लाड. अशांना जेवढी मान खाली घालायला लावाल, तेवढे ते सुधारतील. पटलं तर पुढे पाठवा.’ खाली सात अंगठे. त्याच ग्रुपवर थोरली मावशीही आहे. तिचा मुलगा नऊ महिने आत होता, मग निर्दोष सुटला. तिने अंगठा दिला नाही, ग्रुपही सोडला नाही. तिचं ते गप्प राहणं मला बघवेना, म्हणून हे लिहितेय.

‘असतं तर आत गेले असते का?’ अहो, २०२२च्या अखेरीस देशातल्या तुरुंगांत ५,७३,२२० माणसं होती. त्यातले ४,३४,३०२ कच्चे कैदी, म्हणजे खटला सुरू, निकाल नाही. हे सरकारच्याच राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाचे आकडे आहेत. आमचा भाऊही असाच कच्चा कैदी.

आता ‘मन नसतं’. त्याच अहवालात वर्षभरातल्या १५९ अनैसर्गिक मृत्यूंपैकी ११९ आत्महत्या आहेत. मन नसलेल्याला जीव नकोसा होतो का? चेहरे दगडी दिसतात, हे खरं. भाऊ सांगायचा, बराकीत रडलास की संध्याकाळपर्यंत सगळ्यांना कळतं, मग तुझी चादरही तुझी राहत नाही. मावशी मुलाखतीला गेली की जाळीपलीकडून एकच उत्तर यायचं, ‘मजेत’. सुटून आल्यावरही कितीतरी दिवस त्याच्याकडे दोनच शब्द होते, ‘टेन्शन’ आणि ‘डोकं फिरलंय’. भीती, अपमान, आईची आठवण, सगळं त्यातच कोंबलेलं. समुपदेशक तेच एकेक करून सोडवायला शिकवतो. शिवाय २०१७च्या मानसिक आरोग्य कायद्यानुसार प्रत्येक राज्यातल्या निदान एका तुरुंगात मानसिक आरोग्य केंद्र असायला हवं. कायद्याने सांगितलेल्या उपचाराला लाड म्हणायचं असेल तर म्हणा बापडे.

खरा संताप येतो तो मान खाली घालायला लावण्याच्या मुद्द्याचा, कारण हे वाक्य घरोघरी शहाणपण म्हणून खपतं. अमेरिकेत मानसशास्त्रज्ञ जून टँगनी आणि सहकाऱ्यांनी तुरुंगातल्या ४७६ जणांच्या मुलाखती घेतल्या आणि सुटकेनंतर वर्षभराने त्यांतल्या अनेकांना पुन्हा गाठलं. हा अभ्यास २०१४ साली छापून आला. ‘माझ्या हातून वाईट घडलं’ असा पस्तावा ज्यांना होत होता, ते पुन्हा गुन्ह्याकडे कमी वळले. ‘मी माणूसच वाईट’ अशी लाज ज्यांना खात होती, त्यांच्यातले बरेच जण त्या लाजेपायी खापर दुसऱ्यावर फोडायला लागले. पोलीस वाईट, साक्षीदार खोटा, बायको तसली. आणि असं खापर फोडणारे पुन्हा गुन्ह्याकडे जास्त वळले.

आपल्याला हे कळायला अमेरिका कशाला हवी? येताजाता चारचौघांत ज्याचा उद्धार होतो त्या पोराचं काय होतं? ‘कोडगा झालाय मेला’ असं आपणच म्हणतो ना?

एक मान्य करते, मनाविरुद्ध. ज्यांनी खापर फोडलं नाही, त्यांना लाजेने थोडं आवरलं, असंही त्याच अभ्यासात आहे. आणि आतले सगळेच काही हळवे नसतात. कुणाचं नुकसान केलं याचं सोयरसुतक नसलेले, रजेच्या अर्जापुरता पस्तावा पाठ केलेलेही असतात. पण त्यांना ओळखायलाही कुणीतरी समोर बसून बोलावंच लागतं.

बाकी, मान वर ठेवली की कैदी डोक्यावर बसतात म्हणणाऱ्यांनी आटपाडीजवळच्या स्वतंत्रपूरला जाऊन यावं. औंध संस्थानाने १९३९ साली वसवलेली ही खुली वसाहत. शिक्षा झालेले कैदी तिथे बायकामुलांसह राहून शेती करतात.

मावशी, हे आधी तुला एकटीला पाठवतेय. ग्रुपवर टाकायचं की नाही, ते तू थोरलीला फोन करून विचार. फोन मात्र आजच कर.