सहा महिन्यांत नक्की, पण आज नको

तब्येतीसाठी काहीतरी करायला हवं असं हल्ली तुम्हाला अधूनमधून वाटायला लागलंय का? घाबरू नका, लगेच काही करायचं नसतं. आधी वाचायचं. माणूस सवयी कशा बदलतो यावर मानसशास्त्रात इतकं लिहून ठेवलंय की नीट वाचत बसलात तर बदलायला वेळच उरत नाही, स्वानुभव आहे.

सुरुवात प्रोचास्का आणि डिक्लेमेंटेपासून करा. सिगरेट सोडू बघणाऱ्यांचा अभ्यास करून या दोघांनी १९८३ साली बदलाच्या पायऱ्या मांडल्या. पुढच्या सहा महिन्यांत काही करायचा विचारच नाही, ती पहिली पायरी, तिथे नका थांबू, लोक नावं ठेवतात. आपण दुसरीवर बसायचं. सहा महिन्यांत करणार, पण आत्ता नाही, याला कंटेम्प्लेशन म्हणतात. आता गंमत बघा, सहा महिने आजपासून मोजायचे आणि आज तर रोजच असतो, म्हणजे मुदत कधी संपतच नाही, आणि कोणी टोमणा मारलाच तर शांतपणे सांगायचं, काहीच करत नाही असं कोण म्हणतं, मी दुसऱ्या पायरीवर आहे. मी तिथे चार वर्षं ठाण मांडून बसलोय. छान जागा आहे.

फारच कंटाळलात तर तयारीच्या पायरीवर एक चक्कर मारून या. तिथे महिन्याभरात सुरू करायचं असतं, आणि मुख्य म्हणजे खरेदी करता येते. मी पळायचे बूट घेतले. दर रविवारी खोका काढतो, पातळ कागद बाजूला करतो, नव्या रबराचा वास घेतो, तळव्यावरचा साइझचा स्टिकर अजून शाबूत, डाव्या बुटात ती सिलिका जेलची पुडी, मग सगळं होतं तसं ठेवून खोका परत कपाटावर. घाम येत नाही, पण काहीतरी केल्यासारखं वाटतं.

आता हेल्थ बिलीफ मॉडेल, हे तर आपल्यासारख्यांमुळेच जन्माला आलं. १९५० च्या दशकात अमेरिकेत टीबी लवकर कळावा म्हणून फुकट एक्सरे काढायची सोय होती, गाड्या वस्तीपर्यंत यायच्या, तरी बरेच लोक फिरकेनात. सरकारी आरोग्य खात्यातल्या मानसशास्त्रज्ञांनी याचं कारण शोधलं. माणूस मनात हिशेब करतो म्हणे: मला हे होऊ शकतं का, झालं तर कितपत वाईट, तपासून फायदा काय, आणि कटकट किती. या हिशेबात आकडे तुमचे तुम्हीच भरायचे असतात हे विसरू नका. कटकटीच्या रकान्यात सढळ हाताने भरा. 'मला कशाला होतंय' यासाठी तर मेहनतही लागत नाही, वाइनस्टाइन नावाच्या संशोधकाने १९८० मधे कॉलेजच्या मुलांना विचारलं तर वाईट गोष्टी इतरांपेक्षा आपल्याला कमीच होणार असं बहुतेकांना वाटत होतं. सगळेच सरासरीपेक्षा सुरक्षित! गणितात बसत नाही, मनात मात्र आरामात बसतं.

सवयीचं तर विचारूच नका. एकवीस दिवसांत सवय लागते हे सगळ्यांनी ऐकलेलं असतं. ते आलं माल्ट्झ नावाच्या प्लास्टिक सर्जनकडून, १९६० साली त्याने लिहिलं की पेशंटला नव्या चेहऱ्याची सवय व्हायला किमान एकवीस दिवस लागतात. चेहरा बरं का, जिम नव्हे. पण आपल्याला सोयीचं आहे, बाविसाव्या दिवशी उठवलं नाही की 'मला लागू पडत नाही' म्हणून मोकळं व्हायचं. लंडनमधे ९६ जणांवर नंतर अभ्यास झाला, त्यात सवय अंगवळणी पडायला कोणाला १८ दिवस तर कोणाला २५४ असा अंदाज निघाला, मधला आकडा ६६. त्यातला २५४ तेवढा पाठ करा. एखादा दिवस चुकला तर फारसं बिघडत नाही, असंही तिथेच निघालंय, ती ओळ गाळून वाचा.

एका गोष्टीपासून मात्र खरंच जपा. १९६५ मधे येल विद्यापीठात मुलांना धनुर्वाताची भीती घालून लस घ्या म्हणून सांगितलं. भीती कमी घातली की जास्त, याने घेणाऱ्यांच्या संख्येत फरक पडला नाही. पण ज्यांना दवाखान्याचा नकाशा, वेळा दिल्या आणि तुमच्या आठवड्यात कधी जमतंय बघा म्हटलं, त्यांच्यातले २८ टक्के गेले, बाकीच्यांतले ३ टक्के. नुसत्या नकाशाने आणि वेळ ठरवण्याने! तेव्हा कोणी डोळे वटारून भाषण द्यायला लागलं तर खुशाल ऐकून घ्या, त्याने काही होत नाही. 'किती वाजता?' असं कोणी विचारलं की समजा, धोका आहे.

परवा बायकोने तेच विचारलं. मी तिला सेल्फ एफिकसी समजावून सांगायला घेतली, बांडुरा, १९७७, आपल्याला जमेल असा भरवसा आधी हवा वगैरे. तिने ऐकता ऐकता माझ्या फोनमधे सहाचा गजर लावला, कपाटावरचा खोका काढला आणि बूट दारापाशी नेऊन ठेवले. ती पुडी खाली पडली. मी उचलून वाचली, वर लिहिलं होतं, खाऊ नये.

तेवढं मी लगेच पाळलं.