अ‍ॅडमिनला प्रोग्रॅमिंगची गरज नाही, हा दावा का टिकत नाही

‘सिस्टिम अ‍ॅडमिन होणाऱ्यांनी कोडिंगमध्ये वेळ घालवू नये’ या मथळ्याचा एक लांबलचक संदेश गेले काही महिने व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतो आहे. माझ्याकडे तो तीन वेगवेगळ्या गटांतून आला होता आणि तिन्ही वेळा मी तो न वाचता पुढे गेलो होतो. गेल्या आठवड्यात मात्र तोच संदेश सांगलीहून माझ्या भाच्याने पाठवला आणि खाली लिहिले, ‘मामा, मी पायथनचा क्लास सोडला. आता फक्त लिनक्स करतो.’ पायथन या प्रोग्रॅमिंगच्या भाषेचे तीन महिने नेटाने चाललेले शिक्षण एका निनावी संदेशावरून सुटले, हे कळल्यावर गप्प बसणे मला शक्य झाले नाही. सर्व्हर सांभाळण्याच्या, म्हणजे सिस्टिम अ‍ॅडमिनच्या, कामात मी अठरा वर्षे काढली आहेत आणि या संदेशातले जवळजवळ प्रत्येक वाक्य नव्या मुलांचे नुकसान करणारे आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

संदेशात पाच कारणे दिली आहेत. प्रोग्रॅमिंग हे डेव्हलपरचे काम असून अ‍ॅडमिनने फक्त कमांड द्यायच्या असतात. आता सगळे स्क्रीनवर बटणे दाबून होते. हाताने केलेले काम सुरक्षित असते, कारण माणूस डोळ्यांनी पाहून करतो, उलट स्क्रिप्ट, म्हणजे कमांडी ओळीने आपोआप चालवणारा छोटा प्रोग्रॅम, चुकली तर सगळेच सर्व्हर एकदम बसतात. स्क्रिप्ट लागलीच तर एआय लिहून देते. आणि तेवढ्या वेळात एखादे सर्टिफिकेट पदरात पडते.

यातले तिसरे कारण सर्वांत घातक आहे, कारण ते ऐकायला शहाणपणाचे वाटते. ‘डोळ्यांनी पाहून केलेले काम’ म्हणजे काय असते, हे पाहायचे असेल तर अमेरिकेतील नाइट कॅपिटल या शेअर दलाली कंपनीचे प्रकरण पाहावे. तेथील भांडवली बाजार नियामक एसईसीने ऑक्टोबर २०१३ मध्ये या प्रकरणी काढलेला आदेश सर्वांना वाचायला खुला आहे. जुलै २०१२ च्या अखेरीस कंपनीने आपल्या आठ सर्व्हरवर नवा कोड चढवायला घेतला. तंत्रज्ञाने तो सात सर्व्हरवर नीट चढवला आणि आठव्यावर चढवायचा राहून गेला. दुसऱ्या कोणी ते काम तपासले नाही आणि तसे तपासावे, अशी लेखी पद्धतही कंपनीत नव्हती. १ ऑगस्टला सकाळी बाजार उघडताच त्या आठव्या सर्व्हरवर वर्षानुवर्षे निपचित पडलेला जुना कोड जागा झाला. ग्राहकांच्या अवघ्या २१२ ऑर्डरी हाताळताना त्याने सुमारे ४५ मिनिटांत १५४ कंपन्यांच्या शेअरचे चाळीस लाखांहून अधिक व्यवहार करून टाकले आणि कंपनीला ४६ कोटी डॉलरहून अधिक तोटा झाला. त्याच आदेशात आणखी एक गोष्ट नोंदवलेली आहे. गोंधळ निस्तरताना कंपनीच्या लोकांनी ज्या सात सर्व्हरवर नवा कोड बरोबर बसला होता, तेथूनच तो काढून टाकला, आणि मग त्या सातांवरही जुना कोड चालू होऊन परिस्थिती आणखी बिघडली.

आता या ठिकाणी प्रोग्रॅमिंगने काय साधले असते, ते नेमके सांगतो. आठ सर्व्हरची नावे एका यादीत घ्यायची, लूप, म्हणजे तेच काम पुन्हा पुन्हा करणारी रचना, लावून प्रत्येकावर एसएसएचने, म्हणजे दुरूनच सुरक्षित लॉगिन करून, जायचे, नव्या कोडच्या फाइलचा चेकसम, म्हणजे फाइलच्या मजकुरावरून निघणारा ओळखीचा आकडा, काढायचा आणि आठही चेकसम एकच आहेत की नाहीत, ते छापायचे. हे काम दहा-बारा ओळींत होते. आठांपैकी एक वेगळा निघाला की त्याचे नाव समोर येते आणि बाजार उघडण्याआधी ते दिसते. माणसाचा डोळा आठव्या वेळी थकतो, फोन वाजला की सातवरून थेट नववर जातो. लूपचे तसे होत नाही.

हीच गोष्ट मी छोट्या प्रमाणावर स्वतः पाहिली आहे. पूर्वीच्या एका नोकरीत शंभराहून अधिक सर्व्हरच्या डिस्कमध्ये किती जागा शिल्लक आहे, हे रोज सकाळी एकेका सर्व्हरवर लॉगिन करून एक्सेलमध्ये भरायचा नियम होता. पाळीवरच्या माणसाचे त्यात दोन तास जात. एका रविवारी डेटाबेसचा सर्व्हर डिस्क भरल्यामुळे बंद पडला, तेव्हा तक्ता उघडून पाहिला, तर सलग चार दिवस त्या रांगेत एकच आकडा होता. कोणीतरी आदल्या दिवशीचा रकाना उचलून पुढे चिकटवत होते. त्या मुलाला मी आजही दोष देत नाही. शंभर वेळा तेच तेच काम माणसाकडून करून घेतले की असेच होणार.

स्क्रिप्ट चुकली की नुकसान एकदम पसरते, एवढे मात्र खरे आहे आणि ते मला मान्य करावेच लागेल. एका चुकीच्या ओळीने पन्नास सर्व्हर झोपलेले मी पाहिले आहेत. पण त्यावरचा उपाय म्हणजे आधी एका सर्व्हरवर चालवायचे, मग पाचांवर, मग उरलेल्यांवर, आणि मध्ये कुठे त्रुटी आली तर आपोआप थांबायचे. हे थांबणेसुद्धा कोणीतरी लिहावे लागते आणि ज्याला लिहिता येत नाही, त्याच्या हातातली स्क्रिप्ट न थांबता शेवटपर्यंत धावते.

चौथे कारण एआयचे. एआयने स्क्रिप्ट लिहून घ्यायला माझा विरोध नाही, मीही घेतो. प्रश्न असा आहे की आलेली स्क्रिप्ट रूट म्हणून, म्हणजे सर्व अधिकारांनिशी, चालवण्याआधी ती कोण वाचणार? २०१५ च्या जानेवारीत गेम घेण्या-खेळण्यासाठीच्या स्टीम या प्रोग्रॅमच्या लिनक्सवरील आवृत्तीतली एक चूक चव्हाट्यावर आली होती. स्टीमचा फोल्डर कुठे आहे, ते एका व्हेरिएबलमध्ये, म्हणजे नाव दिलेल्या साठवणीच्या जागेत, साठवायचे आणि त्या व्हेरिएबलपुढे तिरकी रेघ (/) व तारा (*) लावून, आतले सर्व पुसून टाकणारी ‘आरएम’ कमांड द्यायची, अशी ती ओळ होती. फोल्डर जागेवरून हलवलेला असला की व्हेरिएबल रिकामे राही. व्हेरिएबल रिकामे म्हणजे उरली फक्त तिरकी रेघ आणि तारा, म्हणजेच मुळापासून सगळे. ज्याने तक्रार नोंदवली, त्याच्या घरच्या फाइली गेल्याच, शिवाय जोडून ठेवलेल्या बॅकअपच्या डिस्कवरच्याही गेल्या. त्या ओळीच्या वर लिहिणाऱ्याने स्वतःच ‘भीतिदायक!’ अशी टीप ठेवलेली होती. आरएमच्या आधी व्हेरिएबल रिकामे तर नाही ना, हे तपासणारी एक ओळ तिथे पुरेशी होती. ती ओळ गायब आहे, हे ज्याला शेलमध्ये, म्हणजे कमांड घेऊन चालवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये, लिहिण्याची सवय आहे, त्याला वाचता वाचता खटकते. ज्याला नाही, त्याला त्या स्क्रिप्टमध्ये सगळे ठीकच दिसते, मग ती माणसाने लिहिलेली असो वा एआयने.

बटणांच्या मुद्द्यावर फार शब्द खर्च करण्यासारखे नाही. मायक्रोसॉफ्टइतका बटणांचा पुरस्कार क्वचितच कोणी केला असेल, पण त्यांनीच २००६ मध्ये पॉवरशेल हे कमांड व स्क्रिप्टचे साधन आणले आणि एक्सचेंज २००७ या मेल सर्व्हरचा व्यवस्थापनाचा स्क्रीन पॉवरशेलवर उभा केला. तिथे बटण दाबले की मागे पॉवरशेलची कमांडच चालत असे. एक मेलबॉक्स बटणाने उघडावा. तीनशे उघडायचे असतील तर काय करणार?

पहिल्या कारणातली कमांड आणि प्रोग्रॅमिंग यांच्यामधली भिंत तर मुळात अस्तित्वातच नाही. १९७९ च्या युनिक्समधल्या बॉर्न शेलमध्ये जर-तरच्या अटी होत्या आणि लूपही होते. लॅरी वॉल यांनी १९८७ मध्ये पर्ल ही भाषा प्रसिद्ध केली, ती ढीगभर मजकुरातून अहवाल काढण्याच्या, म्हणजे रोज लॉग (सर्व्हरच्या नोंदी) चाळणाऱ्या माणसाच्या, गरजेतून. आज अन्सिबल या अनेक सर्व्हर एकदम सांभाळणाऱ्या साधनाच्या यॅमल नावाच्या मजकूर-फाइलीत आपण व्हेरिएबल, अट आणि लूप लिहितो. त्याला प्रोग्रॅमिंग म्हणा किंवा म्हणू नका, विचार तोच करावा लागतो. या कारणातही अर्धे सत्य आहे, ते असे की अ‍ॅडमिनला डेव्हलपर व्हायचे नसते. मुलाखतींसाठी घोकले जाणारे अल्गोरिदम, मोठी अ‍ॅप्लिकेशन बांधण्याचे कसब हे त्याला लागत नाही, आणि डीएनएस, राउटिंग, फाइलींचे परवाने ही नेटवर्क व सर्व्हरची मूळ कौशल्ये कच्ची ठेवून कोणी पायथनच्या मागे लागला असेल, तर त्याचा क्रम चुकला आहे.

राहिले सर्टिफिकेट. हे कारण लिहिणाऱ्याने परीक्षेचा अभ्यासक्रम उघडूनही पाहिलेला नाही. लिनक्स अ‍ॅडमिनसाठी आपल्याकडची मुले जी रेड हॅटची आरएचसीएसए परीक्षा देतात, तिच्या उद्दिष्टांत साध्या शेल स्क्रिप्ट लिहिणे हा विषय आरएचईएल ८ या रेड हॅटच्या लिनक्सच्या आवृत्तीपासून आहे आणि त्यात अट, लूप व स्क्रिप्टला दिलेले इनपुट हाताळणे यांचा स्पष्ट उल्लेख आहे. पुढची आरएचसीई ही परीक्षा त्याच आवृत्तीपासून सबंध अन्सिबलवर बेतलेली आहे. म्हणजे प्रोग्रॅमिंग सोडून ज्या सर्टिफिकेटच्या मागे जायला हा संदेश सांगतो, तेच सर्टिफिकेट स्क्रिप्ट लिहिता आल्याशिवाय नीट पदरात पडत नाही.

भाच्याला मी फोनवर हे सगळे सांगितले आहे आणि एक काम दिले आहे. त्याच्या लॅपटॉपवर तीन व्हर्च्युअल मशीन, म्हणजे लॅपटॉपच्या आतच चालणारे आभासी संगणक, आहेत. तिन्हींवर एकच कॉन्फिग (सेटिंगची) फाइल ठेवायची, एकीवर मुद्दाम एक ओळ बदलायची आणि कोणती वेगळी आहे, ते शोधून देणारी स्क्रिप्ट आधी शेलमध्ये, मग पायथनमध्ये लिहायची. तिसरे मशीन बंद असेल तेव्हा ती स्क्रिप्ट काय म्हणते, तेही त्याला तपासायला सांगितले आहे. रविवारी तो पुण्याला येतो आहे, तेव्हा दोन्ही आम्ही बरोबर बसून चालवून पाहू.