वाघ-बिबट्याच्या बछड्याला ‘पाणी घालून गाईचं दूध’ पाजू नका

सध्या एक मजकूर भरपूर फिरतोय. त्याचा सारांश असा: ‘वाघ, सिंह किंवा बिबट्याचं अनाथ पिल्लू सापडलं तर गाईच्या किंवा शेळीच्या दुधात निम्मं पाणी घाला, बाळासारखं उताणं मांडीवर घेऊन बाटलीने पोटभर पाजा. पिल्लू तगतं आणि मोठं झालं की जंगलात सोडता येतं.’ लिहिणाऱ्याला कळवळा असेलही, पण हा सल्ला पिल्लाच्या जिवावर बेतणारा आहे.

आधी दूध. गाईच्या दुधात प्रथिनं सव्वातीन टक्क्यांच्या आसपास, तर लॅक्टोज, म्हणजे दुधातली साखर, पावणेपाच. वाघिणीच्या किंवा सिंहिणीच्या दुधात प्रथिनं याच्या दुप्पट-तिप्पट असतात, स्निग्धांशही बराच जास्त आणि लॅक्टोज कमी. म्हणजे आधीच पातळ असलेल्या दुधात हा मजकूर आणखी पाणी घालायला सांगतो. पोट टम्म दिसतं, पण वजन वाढत नाही. पिल्लू ओरडतं म्हणून आणखी पाजलं जातं, मग जुलाब लागतात आणि जेमतेम किलोभराच्या जिवाच्या अंगातलं पाणी बघता बघता संपतं. शेळीचं दूध पचायला हलकं म्हणतात, पण या हिशेबात तेही गाईच्याच रांगेत बसतं.

शिवाय टॉरिन, म्हणजे शरीराला लागणारं एक पोषक द्रव्य. मार्जार कुळातले प्राणी ते स्वतःच्या शरीरात पुरेसं बनवू शकत नाहीत आणि गाईच्या दुधात ते अगदी नगण्य असतं. त्याच्या अभावी मांजरांचं दृष्टिपटल (डोळ्याचा आतला पडदा) खराब होतं हे १९७५ मध्ये, तर हृदय कमकुवत होऊन फुगतं हे १९८७ मध्ये दाखवलं गेलं. आर्जिनिन हे असंच दुसरं पोषक द्रव्य कमी पडलं तर पिल्लांना मोतीबिंदू होऊ शकतो. म्हणूनच बछड्यांसाठी सहसा मांजरीच्या पिल्लांची दूध पावडर हा पाया धरतात आणि पशुवैद्य त्यात गरजेप्रमाणे फेरफार करतात.

‘उताणं घेऊन’ हे वाचून मात्र खरंच संताप येतो. बछडं आईला पितं ते पोटावर पालथं पडून, पुढचे पंजे दाबत. उताणं धरलं की दूध श्वासनलिकेत उतरतं. नाकातून दुधाचे बुडबुडे आले की समजावं, फुप्फुसात दूध जात असणार. त्यातून होणाऱ्या न्यूमोनियाने हाताने वाढवलेली कितीतरी पिल्लं दगावतात. बाटली दाबून धार सोडायची नाही, पिल्लाला स्वतः ओढू द्यायचं.

‘पोटभर’ हेही चूक. एका वेळी साधारण वजनाच्या पाच टक्के, म्हणजे किलोभराच्या पिल्लाला ५० मिलीलीटरच्या आसपास. आणि अंग गार पडलं असेल तर तेवढंही नाही. गारठलेल्या पिल्लाचं आतडं चालत नाही, दूध पोटात तसंच पडून आंबतं. आधी हळूहळू ऊब, मग दूध. पहिले काही आठवडे दर पाजण्यानंतर ओल्या कोमट कापसाने शेपटीखाली हलकेच पुसावं लागतं. आई चाटून हेच करते, त्याशिवाय पिल्लाला शी-शू होत नाही. मजकुरात याचा उल्लेखही नाही.

जंगलात सोडण्याचं म्हणाल, तर मध्य प्रदेशातल्या कान्हा व्याघ्र प्रकल्पात वाढवलेल्या अनाथ वाघिणी २०११ मध्ये त्याच राज्यातल्या पन्ना व्याघ्र प्रकल्पात सोडल्या गेल्या, हे खरं. पण त्यामागे मोठं कुंपण, जिवंत शिकार आणि माणसापासून दूर राखणं होतं. मांडीवर वाढलेलं पिल्लू माणसाला घाबरत नाही, आणि म्हणूनच त्याला सोडता येत नाही.

शेवटी तो ‘अनाथ’ शब्द. मादी शिकारीला जाताना पिल्लं लपवून ठेवते आणि तासन्‌तास परतत नाही. एकटं दिसलं म्हणजे आई मेली असं नव्हे. माणसाचा हात लागला की आई पिल्लू टाकते, हाही गैरसमज. उचलून नेलेली बिबट्याची पिल्लं संध्याकाळी त्याच जागी परत ठेवल्यावर रात्री आईने नेल्याचं कॅमेरा ट्रॅपमध्ये (जंगलात लावलेल्या, आपोआप फोटो टिपणाऱ्या कॅमेऱ्यात) अनेकदा दिसलंय. तेव्हा पिल्लू उचलू नका, त्याच्याभोवती गर्दी होऊ देऊ नका आणि लगेच वन विभागाला कळवा.