तीस रुपये प्राप्त झाले

शहरात म्हणे कुणाला पगार विचारत नाहीत, ते असभ्यपणाचं समजतात. आमच्याकडे, यवतमाळ जिल्ह्याच्या नेर तालुक्यात, पाहुणा दारात चप्पल काढत असतो तेव्हाच पहिला प्रश्न येतो, "वावर किती एकर?" दुसरा, "ओलिताचं का कोरडवाहू?" आणि पाण्याचा गडवा हातात पडेपर्यंत तिसरा, "सोसायटीचं कर्ज नवंजुनं केलं का?"

अर्थात सांगणारा खरं सांगत नाही आणि विचारणाराही ते खरं मानत नाही. आठ एकरवाला उसने मागायला आलेल्यापुढे चार एकर सांगतो, आणि चार एकरवाला पोराच्या सोयरिकीच्या वेळी दहावर जातो. सगळं गाव असं अंदाजपंचे चालत होतं आणि सुखी होतं.

या सुखाला पहिला धक्का बसला तो ८ नोव्हेंबर २०१६ च्या रात्री. पाचशे-हजाराच्या नोटा बाद झाल्याचं टीव्हीवर ऐकलं आणि बाबांनी पेटी उघडून हिशेब केला. नुकताच कापूस विकला होता, ते पैसे होते, बाकी काही नाही. बाबा निर्धास्त झाले. तेवढ्यात माय उठली. तुरीच्या डाळीचा डबा आणला, त्यात कोपरापर्यंत हात घातला आणि प्लास्टिकच्या पिशवीतलं एक पुडकं काढलं. मग तिळाच्या बरणीतून दुसरं. मग जुन्या गोधडीची एक शिवण दातानं उसवली. बाबा काही वेळ बोललेच नाहीत. नंतर म्हणाले, "पेरनीच्या टायमाले मी सावकारापाशी गेलतो, तवा हे कुठी होते?"

"अठीच होते," माय म्हणाली. "तुमी डायीचा डबा कधी उघडला का?"

त्या आठवड्यात बँकेच्या रांगेत गावातल्या सगळ्या बाया आणि त्यांच्या मागे सगळे अचंबित नवरे उभे होते. कोणत्या घरात खरं पुंजीवालं माणूस कोण, हे गावाला त्या रांगेत कळलं.

दुसरा धक्का बोलका निघाला. यूपीआय त्याच वर्षी सुरू झालं होतं, पण आमच्या फाट्यावर ते यायला बराच काळ गेला. आधी आलूबोंड्याच्या गाडीवर क्यूआर कोडच्या चौकटीचा कागद चिकटला. तोवर ठीक होतं. मोबाईल दाखवायचा, "गेले बघ" म्हणायचं, ठेलेवाला मान हलवायचा. पण काही पोट्टे जुन्याच पेमेंटचा फोटो दाखवून बोंडे हाणू लागले, आणि मग त्या गाडीवर तो भोंगा आला. पैसे पडले की तो ओरडतो. ते एवढुसं डबडं, पण आवाज असा की फाट्यावर एसटीची वाट पाहणाऱ्या माणसालाही कोण किती खाऊन गेलं ते समजावं. एका कंपनीच्या भोंग्यात तर २०२३ पासून अमिताभ बच्चनचा आवाज आहे. एवढा मोठा माणूस, आणि त्यानं आमच्या आलूबोंड्याची दवंडी पिटावी!

मला डॉक्टरनं साखर सांगितली आहे. तळलेलं बंद, बटाटा बंद, आणि आलूबोंड्यात तर दोन्ही गुन्हे एकाच ठिकाणी, वरून लाल तर्री. गाडीच्या पलीकडे पिठाची चक्की आहे. मी कडेला उभा राहून, रस्त्याकडे पाठ करून, शिस्तीत खाल्लं, हात पुसले आणि मोबाईल लावला. भोंगा गरजला, "तीस रुपये प्राप्त झाले!" चक्कीतून आमची घरची बाहेर आली, केसांवर ज्वारीचं पीठ. तिनं मला काही विचारलं नाही. ठेलेवाल्याला विचारलं, "पंधराचा एक ना, भाऊ?"

"हाव वहिनी."

"मंग दोन खाल्ले."

आता गावात हे शास्त्रच झालं आहे. सगळ्यांना सगळ्यांचे भाव पाठ. दहा म्हणजे चहा. चाळीस पडले की खर्रा, म्हणजे तंबाखू-सुपारीची पुडी, आणि खर्रा कोणाच्या घरी सोडल्याची शपथ झाली आहे तेही माहीत. केशकर्तनालयातून दीडशे ऐकू आले तर तेवढ्यावरून समजावं, कोणीतरी पोरगी पाहायला चाललाय आणि केस काळे केलेत. अपवाद फक्त एक. देशीच्या दुकानात भोंगा आहे, पण मालकानं त्याचा आवाज बंद ठेवला आहे. गिऱ्हाइकाची इज्जत सांभाळावी कशी हे गावात त्या एकट्याला कळतं. (शेजारच्या वर्धा जिल्ह्यात दारूबंदी आहे. तिथल्या लोकांनी या कामी काय सोय केली आहे, ते त्यांनाच विचारा.)

सरकारी पैशाचंही तेच. पीएम किसानचे दोन हजार वर्षातून तीनदा येतात, आणि ज्या सकाळी मेसेज वाजतो त्याच सकाळी किराणावाला उधारीची वही घेऊन ओट्यावर बसलेला असतो. त्याला कोणी सांगावं लागत नाही, त्यालाही आलेले असतात. २०२४ पासून लाडक्या बहिणीचे दीड हजार सुरू झाले तेव्हा मला वाटलं, चला, घरात एक खातं वाढलं. कसलं काय! माझ्या खात्यात येतं ते घरचं, तिच्या खात्यात येतं ते तिचं. तिनं आजवर एकही चौकट स्कॅन केलेली नाही. बँकेतून रोख काढते, आणि पुढे ते पैसे कुठं जातात हे मला ठाऊक नाही. तुरीच्या डाळीचा डबा मी उघडून पाहिला. त्यात डाळ होती.

माझ्या पैशाचं काय करावं हे मात्र सगळ्यांना ठाऊक आहे. २०२५-२६ च्या हंगामात लांब धाग्याच्या कापसाला हमीभाव होता ८११० रुपये क्विंटल. ओलावा आठ टक्क्यांच्या आत असेल तर पूर्ण, पुढे कपात, आणि बारावर गेला तर गाडी परत. ते सगळं निस्तरून पैसे आधारच्या खात्यात पडले आणि मेसेज पुतण्यानं मोठ्यानं वाचला. वाचायला त्याच्याकडे द्यावा लागतो, कारण माझा चष्मा वावरात राहतो. त्यानं आकडा वाचला आणि खालीच बसला. "काका, आता मी सांगतो तसं करा."

पुतण्या बारावीनंतर रीलवर शिकतो आहे. त्याचा गुरू कोट घालून गाडीत बसलेला असतो, आणि गाडी कधी हलत नाही. त्या गुरूचं म्हणणं, रोजचा दहा रुपयांचा चहा सोडा. महिन्याचे तीनशे होतात, त्याची एसआयपी, म्हणजे म्युच्युअल फंडात दरमहा हप्ता, लावा, वर्षाला बारा टक्के धरा, तीस वर्षांनी साडेदहा लाख होतात. मी शाळेच्या वहीवर मांडून पाहिलं. गणित बरोबर आहे, तोच तर त्रास आहे. बाबा खाटेवर पडून ऐकत होते. ते म्हणाले, "तीस वर्सानं मी एकशे आठचा होईन. साडेधा लाखाचा चहा तवा एकदमच पाज मले."

मग म्हणाले, "आन् हे बारा टक्के दर सालाले कोन देते म्हनते?"

"मार्केट देते, आबाजी. सरासरी."

"सोयाबीनले सांगून पाह्य बरं."

सोयाबीनचा हमीभाव त्या हंगामात होता ५३२८. आम्ही विकलं ते त्याच्या बरंच खाली, कारण रब्बीची पेरणी हमीभावासाठी थांबत नाही. सरासरी नावाची गोष्ट आमच्या वावराला कधी दिसलेली नाही. एक साल पाणी येत नाही, दुसऱ्या साली आलेलं जात नाही, आणि या दोन सालांची सरासरी काढली तर पाऊस उत्तम झाला असं निघतं. तरीही एसआयपी वाईट असं मी म्हणणार नाही. मास्तर लोकांनी लावावी, ज्यांचा पगार एक तारखेला येतो. मला खटकतं ते त्या गुरूचं. हाच कोटवाला आधी क्रिकेटची टीम लावून करोडपती व्हायचं शिकवत होता. ऑगस्ट २०२५ मध्ये पैशाच्या ऑनलाइन खेळांवर बंदीचा कायदा झाला, पुतण्यानं दोन दिवस सुतक पाळलं, आणि तिसऱ्या दिवशी त्याच गाडीत त्याच कोटात गुरू म्हणाला, "मित्रांनो, जुगारापासून दूर राहा." सल्ला ऐकून कोणी श्रीमंत झाल्याचं मला माहीत नाही, देऊन झालेला एक तरी रोज दिसतो.

याउलट आमच्या बायांचा बचत गट. महिन्याला ठरलेली रक्कम, देवळाच्या ओट्यावर बैठक, आणि हप्ता चुकवणारीकडे सगळ्याजणी नुसत्या पाहतात. कुठलाही वसुली अधिकारी असं पाहू शकत नाही. त्या गटातून आमच्याकडे शिलाई मशीन आलं, दोन बकऱ्या आल्या, आणि एकही रील निघाली नाही.

हौसेला मात्र गावात कोणी कमी नाही. मार्च २०२५ मध्ये सगळ्यांचे फोटो जपानी कार्टूनसारखे झाले होते. आमच्या पोलीस पाटलांचा त्या रूपातला फोटो इतका गोड आला की पुढचे काही दिवस त्यांच्या शब्दाला वजनच राहिलं नाही. मग ते दात विचकणारं लबूबू बाहुलं आलं. अस्सल चिनी बाहुलं हजारोंना जातं म्हणतात. पुतण्यानं जत्रेतून शंभरात आणलं आणि ट्रॅक्टरला लिंबू-मिरचीशेजारी टांगलं. मायनं ते जवळून पाहिलं, विचारलं, "हे नजर काढते का लावते?" उत्तर कोणालाच देता आलं नाही, तेव्हा तिनं सावध पवित्रा घेतला आणि दोघांनाही हळदीकुंकू लावलं.

याच पुतण्याचं लग्न ठरलं. प्री-वेडिंगसाठी लोक चिखलदऱ्याला जातात. मुलीकडचे म्हणाले, खर्च नको, तुमच्याच वावरात करू, आता पऱ्हाटी, म्हणजे कपाशी, फुटली आहे, पांढरंशुभ्र दिसतं. झालं. ऐन वेचणीच्या दिवशी दोन गाड्या बांधावर आल्या. पोरगी लांब शेपटीचा झगा घालून पऱ्हाटीच्या ओळींत उतरली आणि झग्याला बोंडांच्या वाळक्या टोकांनी अशी मिठी मारली की तिला सोडवायला दोन बाया लागल्या. फोटोवाल्यानं वेचणाऱ्या बायांना सांगितलं, "तुम्ही मागे कापूस वेचत राहा, आणि थोडं हसा." त्यातली वयस्कर बाई ओटी सावरत म्हणाली, "वेचाचं किलोवर भेटते. हासाचं कसं?"

फोटोवाल्यानं ते विनोद म्हणून घेतलं. बाई हसली नाही.

मग ड्रोन उडाला. घूंऽऽ करत आमच्या डोक्यावरून गेला तसे बाबा बांधावरून उठले. त्यांचा चेहरा पहिल्यांदा उजळला. ड्रोननं फवारणी होते हे त्यांनी कृषी विभागाच्या कार्यक्रमात पाहिलेलं होतं. "फवारते का हे?"

"नाही आबाजी, शूटिंग करते."

"बोंडअयी मरते का त्यानं?"

"नाही."

"मंग कायले आनलं?" आणि ते परत बसले.

तो व्हिडिओ पुतण्याच्या स्टेटसवर लागला. हळूहळू पळणारे ते दोघं, मागे न हसणाऱ्या बाया आणि बांधावर पाठ करून बसलेले बाबा. खाली नातेवाइकांचे बदाम. दुसऱ्या दिवशी खताच्या दुकानदाराचा फोन आला, "पऱ्हाटी जोरदार दिसून राह्यली भाऊ, मागची बाकी कधी देता?"

गावातले जुने लोक म्हणतात, ही नवी पिढी सगळं दाखवायसाठी करते. मी मान डोलावतो, कारण वडीलधाऱ्यांशी वाद घालायचा नसतो. पण याच लोकांच्या लग्नात मांडवाच्या तोंडाशी आहेराची वही आणि शेजारी माइक असायचा. "अमुकतमुक यांच्याकडून रोख अकरा रुपये आणि एक गडवाऽऽ" हे चार कोसांवर ऐकू जाई. अकरावाल्याचं तोंड पाहण्यासारखं होई आणि एक्कावन्नवाला मुद्दाम दोनदा नाव विचारून घेई. आमचं स्टेटस तेव्हा कर्ण्यावर लागत होतं, एवढंच. वही तर अजूनही घरोघरी जपलेली आहे. ज्यानं जेवढं घातलं तेवढं त्याच्या घरच्या कार्यात परत घालायचं, वर चार रुपये चढवून. सोसायटीचं कर्ज एखादे वेळी माफ होतं, आहेर कधीच होत नाही.

पुतण्याच्या लग्नात दोन्ही जमाने एकत्र आले. पोरानं हौसेनं वहीच्या टेबलावर चौकट लावली, आणि आलूबोंडेवाला वऱ्हाडातच असल्यामुळे त्याचा भोंगा मागून आणून माइकसमोर ठेवला. पाकिटातल्या आहेराला निदान घरी जाऊन फोडेपर्यंत अब्रू असते. इथं मंगलाष्टकं संपली न संपली तोच पाचशे एक, एकशे एक, अकराशे अशी सरबत्ती सुरू झाली. दोनशे एकचं पाकीट खिशात घेऊन आलेले तीन-चार जण मला मांडवाच्या मागे नेटवर्क शोधताना दिसले.

तेवढ्यात नवरदेवाचा मामा पुढे झाला. हा भावी जिल्हा परिषद सदस्य, निदान फाट्यावरच्या फ्लेक्सनुसार. त्याला पाच हजार एक टाकायचे होते, आणि ते सगळ्यांनी ऐकावेत अशी त्याची रास्त अपेक्षा होती. एवढी मोठी रक्कम भलत्या खात्यात जाऊ नये म्हणून त्यानं आधी एक रुपया पाठवून पाहिला. माइकवरून, वाजंत्री नेमकी थांबली असताना, सगळ्या मांडवाला ऐकू आलं, "एक रुपया प्राप्त झाला!"

पंगतीतले लोक घास हातात धरून वळले. मामा ओरडला, "टेस्टिंग होतं बे! थांबा, आता खरे टाकतो!" त्यानं खरे टाकले. मोबाईलवर चक्र फिरत राहिलं, भोंगा गप्प, नेटवर्क गेलं ते गेलंच. पैसे दोन दिवसांनी त्याच्याच खात्यात परत आले, पण तोवर वही लिहून झाली होती. वहीवर आमचा चुलतभाऊ बसला होता. तलाठी कार्यालयात कोतवाल असल्यामुळे ऐकलं तेवढंच लिहायचं, ही त्याची शिस्त. मामाच्या पूर्ण नावापुढे, स्वच्छ अक्षरात, रोख रुपये १.

मामाच्या पोरीचं लग्न वैशाखात आहे. वर चार रुपये चढवून किती होतात, ते आम्ही काढून ठेवलं आहे.