रात्री सव्वाअकराचं सूर्यग्रहण

परवा डिचोलीहून भाचीचा फोन आला. सातवा महिना चालू आहे तिला. गरोदरपणात साखर वाढलीय, म्हणून डॉक्टरांनी दर अडीच-तीन तासांनी थोडंथोडं खायला सांगितलंय. म्हणाली, "मावशी, बारा तारखेला सकाळी नऊपासून रात्री दीडपर्यंत पाणीसुद्धा प्यायचं नाही म्हणतात. मी राहीन गो, पण बाळाला काय होणार नाही ना?"

कारण एक फॉरवर्ड. आधी तिच्या सासरच्या ग्रुपवर, मग आमच्या, मग वाड्यावरच्या भजनी मंडळाच्या. सार असं: 12 ऑगस्ट 2026 ला शतकातलं सर्वांत मोठं सूर्यग्रहण, सगळं जग सहा मिनिटं काळोखात, नासाने जाहीर केलंय, गरोदर बायकांनी नऊ ते दीड खोलीबाहेर पडू नये, खाऊपिऊ नये, सुरीला हात लावला तर मुलाचा ओठ फाटका निघतो, शिजलेलं अन्न किरणांनी विषारी होतं, आणि बघायचंच असेल तर एक्स-रेच्या फिल्ममधून किंवा हळदीच्या पाण्यात बघावं. खाली जोडलेले हात, सात वेळा.

आधी ते नऊ ते दीड. हिशेब करणारा आकडेमोडीत कच्चा नाही, याचंच मला जास्त नवल वाटतं. त्या दिवशी पृथ्वीवर ग्रहणाचा पहिला स्पर्श होतो तो आपल्या घड्याळात रात्री 9 वाजून 4 मिनिटांनी, मध्य सव्वाअकराला, मोक्ष दीडच्या आसपास. सूर्यग्रहणाचे वेध चार प्रहर आधी लागतात, म्हणजे बारा तास. आले सकाळचे नऊ. अगदी बरोबर! फक्त रात्री नऊला गोव्यात सूर्य असतो कुठे, एवढंच त्याला सुचलं नाही. ऑगस्टात सातच्या सुमारास तो बुडालेला असतो. हे ग्रहण ग्रीनलंड, आइसलंड आणि स्पेनचं. पणजीच्या मिरामार किनाऱ्यावर रात्रभर बसलात तरी होड्यांचे दिवे तेवढे दिसतील.

"तुझं विज्ञान नको, शास्त्र सांग" असं म्हणणाऱ्यांसाठी शास्त्रच सांगते. आमच्या देवघरात आजोबांची धर्मसिंधुची प्रत आहे, पानं सुटलेली. पंढरपूरच्या काशीनाथ उपाध्यायांचा ग्रंथ, म्हणजे कोणा नास्तिकाचा नव्हे. त्यात म्हटलंय, ग्रहण जेवढा वेळ डोळ्यांना दिसण्याजोगं असतं तेवढाच पुण्यकाल. नुसतं ढग आले म्हणून सूट नाही, पण सूर्यग्रहण रात्री असेल तर स्नानदानसुद्धा नाही. पंचांगवाले "भारतात दिसणार नाही" असं छापतात ते उगाच नव्हे. आणि ग्रहण दिसणारं असलं तरी तेच पंचांगवाले मुलं, म्हातारी, आजारी, गरोदर यांच्यासाठी वेध कमी करून देतात. म्हणजे हा फॉरवर्ड पंचांगाहून कडक! गरोदर बाईला साडेसोळा तास कोरडं ठेवायचं, त्यात ती साखर कमी करणारं इन्सुलिनचं इंजेक्शन घेत असेल तर चक्कर येऊन पडायला एवढं पुरतं. ती जबाबदारी सात जोडलेले हात घेणार का?

फाटक्या ओठाचं तर बोलायलाच नको. गर्भाचा ओठ जुळतो तो चौथ्या ते सातव्या आठवड्यात, पुष्कळदा दिवस गेलेत हे धड कळायच्या आत. सातव्या महिन्यात भेंडी चिरल्याने तो उसवत नाही.

अन्न विषारी होण्याबद्दल एवढंच, की चंद्र आड आला की सूर्याची किरणं कमी पोचतात, जास्त नव्हेत. आणि तारीख बघा: बुधवार, आषाढातली अमावस्या, दुसऱ्या दिवसापासून श्रावण. मासेमारीची बंदी उठून दोन आठवडे होत आलेले. त्या दिवशी गोंयकाराला माशांचं हुमण टाकून द्यायला सांगणारा माणूस इथला नसणार.

आता कुरकुरत का होईना, मान्य करते: सहा मिनिटांचा आकडा हवेतला नाही. पण तो पुढच्या वर्षीचा. 2 ऑगस्ट 2027 ला इजिप्तमधल्या लक्सरजवळ सूर्य 6 मिनिटं 23 सेकंद पूर्ण झाकला जाईल. यंदाचं जास्तीत जास्त 2 मिनिटं 18 सेकंद. तरी 2027 चंही शतकातलं सर्वांत मोठं नव्हे. तो मान 22 जुलै 2009 चा, 6 मिनिटं 39 सेकंदांचा. आणि काळोख पडतो तो चंद्राच्या सावलीच्या पट्ट्यात, सगळ्या जगात नव्हे.

ते 2027 चं मात्र आपल्याला दिसेल, खंडग्रास. सोमवार, दुपारी चारनंतर, पश्चिमेकडे, पावसाने उघडीप दिली तर. तेव्हा एक्स-रेची फिल्म नको, हळदीचं पाणी नको. डोळ्याचा पडदा भाजला तरी दुखत नाही, म्हणून कळत नाही. ग्रहणाचे खास चष्मे घ्या आणि शेवटपर्यंत घालून ठेवा, कारण गोव्यात सूर्य पूर्ण झाकणारच नाही. पणजीत हौशी खगोलप्रेमींची संस्था आहे, तिथे विचारा. ढगांनी घात केलाच तर 21 मे 2031. तेव्हा सूर्याचं बांगडीसारखं कंकण दिसेल ते कोचीन-मदुराईकडे, पण आपल्याकडेही भरदुपारी सूर्याचा मोठा लचका तुटलेला दिसेल.

मी एवढी का चिडते? 16 फेब्रुवारी 1980 ला खग्रास सूर्यग्रहण कारवार-अंकोल्यावरून गेलं, आमच्या घरापासून बसने काही तासांवर. मी नऊ वर्षांची होते. आजीने दारं-खिडक्या लावून घेतल्या आणि आम्हा पोरांना माजघरात बसवलं. कौलांच्या फटीतून येणारा उजेड मंद झाला, एवढंच मी पाहिलं.

भाचीला हे सगळं सांगितलं. तिच्या सासूबाईंशीही बोलले. त्या कडक नाहीत, घाबरलेल्या होत्या. धर्मसिंधुच्या पानाचा फोटो पाठवा म्हणाल्या, पाठवला. बाराला सगळे वेळेवर जेवणार असं ठरलंय. दुधाच्या टोपात मात्र तुळशीचं पान टाकणार आहेत. टाकू देत.