‘बेल्टवर स्प्रे मारा’ या मेसेजबद्दल खुलासा
गाडीत जळक्या रबराचा वास आला की बॉनेट उघडून फॅन बेल्टवर (इंजिनच्या बाजूला फिरणाऱ्या रबरी पट्ट्यावर) गंज काढायचा स्प्रे किंवा खोबरेल मारा, वास थांबतो, असा मेसेज सध्या फिरतो आहे. कृपया तसे करू नका. बेल्ट पुलीला, म्हणजे तो ज्यावरून फिरतो त्या चाकाला, घर्षणानेच पकडतो. त्यावर तेल गेले की तो आणखी घसरतो, जास्त तापतो, शिवाय रबर फुगून खराब होते. कर्कश आवाज मात्र थोडा वेळ बंद पडतो, म्हणून लोकांचा विश्वास बसतो. बेल्ट सैल असेल तर ताणून घ्यावा, चिरा पडल्या असतील तर बदलावा. नवा बेल्टही जळायला लागला तर एखादी पुली किंवा एसीचा कॉम्प्रेसर जाम झालाय का, ते मेकॅनिकला बघायला सांगा.

मुळात हा वास दर वेळी बेल्टचा नसतोच. आंबा घाटात ट्रकमागे हाफ क्लचवर (क्लच अर्धवट दाबून) चढताना आलेला वास बहुधा क्लच प्लेटचा. थांबून गाडी गार होऊ द्या. नंतर सपाटीवरही इंजिन नुसतेच ओरडते आणि वेग वाढत नाही, असे असेल तर प्लेट संपत आली. एकच चाक बाकीच्यांपेक्षा खूप तापले असेल (हात लावू नका, जवळ नेला तरी कळते) तर तिथला ब्रेक चिकटलाय. सायलेन्सरला चिकटलेली प्लॅस्टिकची पिशवीही असाच वास देते. आधी वाकून खाली बघा, मग गॅरेज गाठा.

बॉनेटमधून धूर येत असेल तर ते उघडायच्या फंदात पडू नका. इंजिन बंद करून सगळ्यांनी गाडीपासून लांब व्हावे.